ओझे कोणाच्या खांद्यावर?

डोंगरात जायचे ठरले की हल्ली पहिला प्रश्न येतो तो ‘काय काय घेऊ?’ हा. प्रश्न वाईट नाही. वाईट आहे ती तो विचारण्याची जागा. जो प्रश्न डोंगराला विचारायचा, तो दुकानाला विचारला जातो. दुकानदार बापडा आपल्या धर्माला जागतो आणि जे त्याच्या फळीवर असते तेच सुचवतो. गिऱ्हाईक ते घेते, पाठीवर बांधते, आरशात एकवार पाहून घेते, आणि आपण आता गिर्यारोहक झालो या समाधानात शनिवारी रात्री कल्याण स्थानकावर उतरते. तेथून मुरबाडची एसटी. मुरबाडहून पुढे कोणी देहरीला गोरखगडासाठी, कोणी नारिवलीला सिद्धगडासाठी, कोणी वैशाखऱ्याला नाणेघाटासाठी. कसाऱ्याच्या गाडीने जाणारे आसनगावला उतरून माहुली गाठतात. पावसाळ्यात तर मुरबाड-शहापूरच्या डोंगरांना या पाहुण्यांची ददात कधी पडत नाही. पाहुण्यांचे स्वागतच आहे. माझी तक्रार त्यांच्या सामानाविषयी आहे. आणि सामानाविषयी म्हणजे अखेर त्यांच्या विचाराविषयीच, कारण माणसाने पाठीवर काय घेतले आहे यावरून त्याच्या डोक्यात काय होते ते नेमके कळते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: सह्याद्रीत नेण्याचे सामान आज आपण आपल्या सुखासाठी आणि आपल्या रूपासाठी निवडतो. ते निवडायला हवे बरोबरच्या माणसासाठी, आणि आपण पडलो तर ज्यांच्या खांद्यांवरून आपण खाली येणार त्या पायथ्याच्या माणसांसाठी. हे अनेकांना कडू लागेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट चिरडून त्याचा थेंब जिभेला लावल्याशिवाय आपल्याकडे फराळाला हात लावीत नाहीत. हा लेख म्हणजे ते कारीट, असे वाचकांनी समजावे.

आधी दुकानाचा माल पाहू. मुंबई-ठाण्याच्या मोठ्या दुकानांत जे ‘पर्वतीय’ साहित्य मिळते, त्यातल्या बऱ्याचशा मालाचे मूळ थंड, कोरड्या, बर्फाळ पर्वतांत आहे. जो तो पर्वत आपापल्या लेकरांना अनुभवाने शहाणे करतो, तसे आल्प्सने युरोपियनांना केले. त्यात हसण्यासारखे काही नाही. हसण्यासारखे आहे ते एवढेच, की त्यांचे शहाणपण आपण त्याच्या कारणाशिवाय विकत घेतो.

पावसाळी जॅकेटचेच उदाहरण घ्या. 1969 साली रॉबर्ट गोअर या अमेरिकन गृहस्थाने टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवण्याची युक्ती शोधली. या पापुद्र्यातून पावसाचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. शोध मोठा, यात शंका नाही. पण वाफ बाहेर जाते ती का? आतली हवा ऊबदार व दमट आणि बाहेरची थंड व कोरडी असते म्हणून. श्रावणात माळशेज घाटात उभे राहा. बाहेरची हवा ऊबदार, आणि दमट इतकी की ढगच अंगावरून चालत जातो. आतल्या वाफेने बाहेर पडून जावे कोठे? अर्ध्या तासात ते महागडे जॅकेट आणि टपरीवर मिळणारा प्लास्टिकचा कोट यांत भिजण्यापुरते काही अंतर उरत नाही. एक पावसाने भिजतो, दुसरा घामाने. या डोंगरात पावसाळ्यात कोरडे राहता येत नाही, हे ज्याला कळले तो जॅकेटवर पैसे घालत नाही. तो लोकरीचे किंवा लवकर वाळणारे एक जोड कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेवतो, आणि मुक्कामावर पोचल्यावर, किंवा कोणी कुडकुडू लागल्यावर, ते बाहेर काढतो.

बुटांचेही तसेच. घोट्याच्या वर येणारे, आतून जलरोधक अस्तर लावलेले जाडजूड बूट बर्फात पाय वाचवतात. आपल्याकडे रस्ताच ओढ्यातून जातो. पाणी वरून बुटात शिरते, आणि जे अस्तर पाण्याला आत येऊ देत नाही ते त्याला बाहेरही जाऊ देत नाही. गडी दिवसभर दोन्ही पायांत दोन तांबे घेऊन चालतो. या वाटांना हवा तो हलका, पाणी निथळू देणारा आणि मऊ रबरी तळव्याचा बूट, कारण कठीण प्लास्टिकचा तळवा ओल्या बेसाल्टवर काचेवरून घसरावा तसा घसरतो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मात्र कोणताच तळवा टिकत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. सांगितले तर बूट खपणार कसा? गोरखगडाच्या सुळक्यावर कातळात खोदलेल्या पायऱ्या भर पावसात चढू नयेत, याला बुटाचा पर्याय नाही. न जाणे हेही एक सामान आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

येथवर वाचून दुसऱ्या एका पक्षाला उकळ्या फुटल्या असतील. हा पक्ष म्हणजे उघड्या पायांचे भक्त. यांचे म्हणणे असे की, मावळे काय बूट घालून लढले? कातकऱ्याचे पोर अनवाणी कडा चढते. मग कसले हेल्मेट आणि कसला दोर? हे सारे साहेबी चोचले! हे बोलणे टाळ्यांचे आहे. पण टाळ्या वाजवण्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात, आणि कड्यावर ते नसतात.

अनवाणी चालणाऱ्या कातकऱ्याच्या तळपायाला घट्टे पडायला वीस वर्षे लागलेली असतात. तो तळपाय हेच त्याचे पादत्राण. ते उसने मिळत नाही. शिवाय तो कड्यावर हौसेने जात नाही. मध, कंद, लाकूडफाटा, चुकलेले जनावर यांसाठी जातो. वाट त्याच्या ओळखीची असते आणि कोणत्या दिवशी जाऊ नये तेही त्याला ठाऊक असते. त्याच्याजवळ सामान नसते असे म्हणणारांनी नीट पाहिलेले नाही. कमरेच्या आकडीला कोयता असतो. आवणीच्या दिवसांत शेतात पाहावे तो बाईमाणसांच्या पाठीवर इरले असते. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पाने भरून केलेले हे इरले वाकून काम करताना पाठ झाकते, दोन्ही हात मोकळे ठेवते आणि खालून वारा खेळू देते. परदेशी जॅकेटवाल्यांना आपल्या दमट हवेत जे साधले नाही ते या इरल्याला साधले आहे. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला बैलांच्या बाजाराबरोबर घोंगड्यांचा बाजार भरतो. घोंगडी भिजली तरी ऊब देते, जमिनीवर टाकली तर ओल वर येऊ देत नाही, आणि वेळ पडली तर तिच्यात माणूस घालून चौघांना उचलता येतो. हे सामान नव्हे तर काय? ते कोणी तरी विचार करकरून, पिढ्यान्‌पिढ्या पारखून निवडलेले आहे. तेव्हा ‘आमच्या लोकांना सामान लागत नाही’ ही स्तुती नसून त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे.

मावळ्यांचे नाव घेणारांनाही एक विचारतो. 1670 साली सिंहगड घेतला गेला तेव्हा कड्यावरून काय सोडले होते? दोर. पोवाड्याने त्या दोराला यशवंती नावाची घोरपड बांधली, आणि आपले मन त्या घोरपडीतच अडकून पडले. कपाळाला कुंकू लावलेली घोरपड कड्यावर फेकली की गड आपल्या हाती येतो, हे आपले लाडके स्वप्न. आजच्या दुकानातल्या चकचकीत वस्तूकडे आपण त्याच डोळ्यांनी पाहतो: हे एकदा विकत घेतले, की कडा आपोआप पायाखाली. दुकानाचे भक्त आणि अनवाणी पायांचे भक्त, दोघेही घोरपडीचेच उपासक. एक म्हणतो घोरपड माझ्या सॅकमध्ये आहे, दुसरा म्हणतो ती माझ्या रक्तात आहे. घडीघडीने पाय रोवून वर जाणारा, वर पोचल्यावर दोर झाडाला बांधून मागच्याची वाट पाहणारा जो पहिला माणूस, त्याची आठवण दोघांनाही नाही.

मग डोंगर काय मागतो? मुरबाडच्या डोंगराचा स्वभाव चार शब्दांत सांगता येतो: सुटा दगड, ऊन, पाणी आणि आग्या मोहोळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा डोंगर झाला. त्यातले काही थर कठीण, काही भुसभुशीत. मऊ थर झिजतो, वरचा कठीण थर फुटून खाली येतो. म्हणून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशेजारून बेलपाड्याहून वर जाणारी नळीची वाट ही वाट कमी आणि दगडांची घसरगुंडी जास्त. तेथे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. कधी वानरेही दगड लोटतात. अशा वाटेला पहिले सामान हेल्मेट. ते गिर्यारोहणाचे असावे. मोटारसायकलचे घातले तर मान वर करून पाहता येत नाही, आणि हनुवटीला पट्टा नसलेले बांधकामावरचे घातले तर पहिल्याच धडकेत ते दरीत जाते, डोके मागे राहते.

दुसरे सामान पाणी. फाल्गुनापासून मृगापर्यंत या डोंगरात माणसे दरीपेक्षा उन्हाने अधिक सहज आडवी होतात. माणशी चार-पाच लिटर पाणी म्हणजे चार-पाच किलो ओझे. ते न्यायचे तर बाकीच्या चैनीवर काट मारलीच पाहिजे. गडावर टाकी आहेत, पण उन्हाळ्यात त्यांत पाणी असेल की नाही हे पायथ्याच्या माणसाला विचारून जावे. बरोबर मीठ-साखरेची पुडी असावी. तिसरे सामान म्हणजे न नेण्याच्या वस्तू: अत्तर, सुगंधी फवारे आणि धूर करणारे काहीही. कड्याच्या पोटात आग्या मोहोळे लोंबत असतात. वासाने आणि धुराने ती उठतात, आणि उठली की चोर-साव पाहत नाहीत. अंगभर कपडे आणि एक जाड चादर त्या वेळी कामाला येते. चौथे सामान डोक्याला बांधायची विजेरी, म्हणजे हात मोकळे राहतात आणि रात्रीच्या वाटेवरचे फुरसे पाय पडण्यापूर्वी दिसते. मोबाइलचा उजेड हा उजेड नव्हे; त्यात ज्याने मदत बोलवायची तीच बॅटरी जळते. पाचवे सामान शिट्टी. एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सहा, ही संकटाची हाक जगभरच्या पर्वतांत समजते. तिचे उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी देतात. नळीच्या वाटेत जेथे फोनला आवाज लागत नाही तेथे शिट्टीचा आवाज दगडाला आपटून दूर जातो. किंमत चहा-वड्याची. पण दुकानाच्या दर्शनी काचेत तिला जागा नाही, कारण शिट्टी घालून कोणी रुबाबदार दिसत नाही!

आणि दोर. गुरांच्या दाव्याचा किंवा हार्डवेअरच्या दुकानातला रंगीत प्लास्टिकचा दोर ‘असू दे बरोबर’ म्हणून घेणारे पुष्कळ. हा दोर उन्हाने कुजतो, घर्षणाच्या उष्णतेने वितळतो आणि झटका पोटात घेत नाही. गिर्यारोहणाच्या दोराची परीक्षा ठरलेली असते: एकेरी वापराच्या, ताणल्या जाणाऱ्या दोराने 80 किलो वजनाची निदान पाच पतने सोसावी लागतात. कड्यावरून खाली उतरायला न ताणणारा दोर वेगळा, चढताना पडणाऱ्याला झेलायला ताणणारा वेगळा. हे ज्याला ठाऊक नाही त्याने दोर घेऊच नये, आणि दोराची वाटही धरू नये. सामान म्हणजे ताईत नव्हे. 2020 च्या जानेवारीत अरुण सावंतांसारखा जाणता गिर्यारोहक कोकणकड्यावरच्या दोराच्या मोहिमेत आपण गमावला. जाणत्यांनाही जेथे क्षमा नाही, तेथे अजाणतेपणाने ताईत बांधून जाणारांनी काय समजावे?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. त्यासाठी वाचकांना क्षणभर मुरबाडहून बर्फात नेले पाहिजे. गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारांवर, आणि युरोप-अमेरिकेच्या पर्वतांत, आखलेल्या मैदानाबाहेर रानातल्या बर्फावर स्की घेऊन उतरणारे लोक असतात. त्यांना भय हिमस्खलनाचे. असा प्रत्येक शहाणा माणूस तीन वस्तू जवळ बाळगतो: छातीशी एक संदेशयंत्र, बर्फात खुपसून पाहायची एक घडीची लांब काठी आणि एक फावडे. गंमत पाहा. फावडे ज्याच्या सॅकमध्ये आहे त्याच्या ते काडीच्याही उपयोगाचे नाही. गाडला गेलेला माणूस स्वतःला खणून काढू शकत नाही. संदेशयंत्र हाक देते ती सोबत्याने ऐकावी म्हणून, आणि सोबती गाडला गेला तर त्याची हाक आपल्याला ऐकू यावी म्हणून. बर्फाखाली गेलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. खालून मदत येईपर्यंत सारे संपलेले असते. म्हणून तेथला नियम असा झाला: तुझे फावडे माझ्यासाठी, माझे तुझ्यासाठी. ज्याच्याकडे फावडे नाही त्याला बरोबर घेत नाहीत. तो बेसावध आहे म्हणून नव्हे, तो ऋण न फेडणारा आहे म्हणून.

पर्वतांच्या साऱ्या खऱ्या सामानाचा उगम असाच आहे. विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती 1935 साली आल्प्समध्ये गेले; पायांतली पादत्राणे त्या पर्वताला पुरी पडणारी नव्हती. त्या दुःखातून त्याने खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला, आणि 1937 साली तो लोकांच्या हाती आला. आपल्या बुटाच्या तळाशी ज्या खाचा दिसतात त्या त्याच घराण्यातल्या. सोबत्यांच्या मृत्यूतून आलेली वस्तू आज आपण रंग जुळतो का ते पाहून घेतो!

उलट उदाहरणही आल्प्समध्येच आहे. 14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिम्परच्या तुकडीने मॅटरहॉर्न हे शिखर प्रथम सर केले. उतरताना एकाचा पाय घसरला आणि एकमेकांना बांधलेल्या सात जणांपैकी चार जण दरीत गेले. चौथा आणि पाचवा यांच्यामधला दोर तुटला होता. मागाहून पाहिले तेव्हा कळले, की बरोबर आणलेल्या दोरांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत कमजोर दोर नेमका तेथे बांधला गेला होता. चांगला दोर तुकडीजवळ होता. तुटलेला तुकडा आज झरमॅटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. सामान जवळ असणे निराळे, आणि ते दुसऱ्याच्या जिवासाठी जागेवर लावणे निराळे, एवढेच तो तुकडा दीडशे वर्षे सांगत आहे.

आता मुरबाडला परत या. आपल्याकडे बर्फ नाही. मग दुसऱ्यासाठी न्यायचे ‘फावडे’ आपले कोणते? ते शोधायला डोंगराच्या पायथ्याशी एक नजर टाकावी लागेल. माणूस नळीत पडला, पाय मोडला, की पहिली बातमी बेलपाड्याला पोचते. सांदण दरीतून खाली देहणे गावाकडे उतरताना कोणी अडकला, की देहण्याला. सिद्धगडावर वाट चुकली, की नारिवलीला. लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीचे ‘यशवंती हायकर्स’ आणि राज्यभरच्या अशा चमूंना जोडून देणारे ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’, ही मंडळी जिवावर उदार होऊन विनामूल्य धावतात. त्यांचे ऋण फिटण्यासारखे नाही. पण त्यांना यायला तास लागतात. ते तास कोण भरून काढतो? ठाकर, महादेव कोळी, कातकरी. पायांत रबरी चप्पल, डोक्याला टॉवेल, हातात काठी. स्ट्रेचर नाही, झोळी आहे.

या झोळीविषयी शहरातल्या वाचकाला सांगितले पाहिजे. शहापूर-मुरबाडच्या काही पाड्यांना अजून धड रस्ता नाही. बाळंतवेणा सुरू झालेली बाई चादरीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, ओढा-चिखल तुडवीत रुग्णवाहिका उभी असेल तेथवर आणण्याची पाळी तेथल्या माणसांवर आजही येते. वर्तमानपत्रांत तसे फोटो अधूनमधून छापून येतात, आपण हळहळतो आणि पान उलटतो. तोच बांबू, तीच चादर, तेच खांदे आपल्या हौशी पाहुण्याला कड्याखालून उचलून आणतात. त्या दिवसाची मजुरी बुडते. आवणीचे दिवस असले तर चिखलणी तशीच राहते. आणि आणलेल्या पाहुण्याच्या अंगावर जे असते त्याच्या किमतीत त्या घराचा मोसमाचा किराणा भरला असता.

याहून बोचणारे दृश्य वर जाताना दिसते. वाटाड्या म्हणून घेतलेला गावचा पोरगा पुढे. त्याच्या पाठीवर पाहुण्याची सॅक. सॅकवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट, आणि वाटाड्याच्या डोक्यावर काही नाही. वरून दगड आला तर तो दोघांत निवड करीत नाही. निवड आपण आधीच करून ठेवलेली असते. फोनवर जाहिरात देऊन, माणशी पैसे घेऊन, चाळीस-पन्नास माणसे एका दोराने आणि एका वाटाड्याने डोंगरावर घालणारे जे नवे संयोजक निपजले आहेत, त्यांच्या हिशेबाच्या वहीत जेवण असते, बस असते, छायाचित्रकारही असतो; वाटाड्याचे हेल्मेट नसते. यालाच मी अनीती म्हणतो. शब्द कठोर आहे, पण याहून सौम्य शब्द येथे खोटा पडेल.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप पैशांचा: आम्ही मध्यमवर्गीय पोरे, इतके सामान परवडायचे कसे? पण मी खर्च वाढवायला सांगतच नाही, फिरवायला सांगतो. एका चांगल्या परदेशी जॅकेटच्या किमतीत तीन-चार हेल्मेटे येतात. उणे अंशांच्या थंडीसाठी केलेली झोपायची पिशवी मुरबाडच्या आश्विनात अंगाखाली अंथरण्यापलीकडे उपयोगी नाही. तिच्याऐवजी एक घोंगडी आणि राहिलेल्या पैशांत पट्टी, औषधे, विजेरी आणि शिट्ट्या घ्या. पाच जणांत एक दोर, एक औषधपेटी पुरते. सामान गटाचे असावे, माणसाचे नव्हे. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांचा पखवाज कोणा एकाचा नसतो. पण तो वाजतो सगळ्यांसाठी.

दुसरा आक्षेप: हे सरकारचे काम. सरकारचे काम आहेच. 2021 साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण आखले, संयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेची भाषा केली. धोरणाचा कागद चांगला आहे, पण कागद नळीची वाट चढत नाही. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांवर मनाईहुकूम निघतात, आणि हुकूम मोडून कठड्याबाहेर उभे राहणारेही निघतात. नाणेघाटात वाऱ्याने धबधबा उलटा उडतो तो पाहायला लोक कड्याच्या अगदी ओठावर जातात. तेथे सरकारने प्रत्येकामागे शिपाई उभा करावा काय? जे काम आपल्या बोटांनी करायचे, तेथे सरकारचा हात शोधणे हा आळसाचाच एक भारदस्त प्रकार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. तो असा: इतक्या अटी घातल्या तर गरीब पोरगा डोंगरात जाणारच नाही, डोंगर श्रीमंतांचा होईल. हे मला मान्य असते तर मी लेखणी उचललीच नसती. 1954 साली मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांनी जे केले ते मुख्यतः चाकरमानी आणि विद्यार्थी पोरांच्या बळावर. एकाचा दोर दहा जणांनी वापरायचा, सामान सांभाळायचे, पुढच्या तुकडीच्या हवाली करायचे. डोंगर गरिबाचा राहिला तो या वाटून घेण्यामुळे. ज्याच्या त्याच्या सॅकमध्ये ज्याचे त्याचे दुकान आले, तेव्हापासून तो श्रीमंतांचा होऊ लागला. माझी अट एकच आहे आणि तिला श्रीमंती लागत नाही: सॅक भरताना प्रत्येक वस्तूला विचारा, ‘तू कोणासाठी?’ सगळ्या वस्तूंनी ‘तुझ्यासाठी’ असेच उत्तर दिले, तर सॅक रिकामी करून पुन्हा भरा.

टीका केली की उपायही सांगावा, असा आपल्याकडे संकेत आहे, तो पाळतो. देहरी, नारिवली, बेलपाडा, देहणे, माहुली, वैशाखरे: या पायथ्याच्या प्रत्येक गावात एकेक मोठी लोखंडी पेटी असावी. तिच्यात घडीचे एक स्ट्रेचर, दोन पारखलेले दोर, सहा हेल्मेटे, कमरपट्टे, विजेऱ्या, औषधपेटी. किल्ली गावाच्या ताब्यात. दरवर्षी मृगापूर्वी एखाद्या जाणत्या संस्थेने येऊन गावच्या पोरांबरोबर दोन दिवस सराव करावा, जुना दोर बाद करावा, नवा ठेवावा. पैसा? काही ठिकाणी वनखात्याच्या वाटेवर प्रवेशाची पावती फाडली जातेच. तीत पेटीचा वाटा धरा. जो संयोजक माणशी पैसे घेतो त्याने माणशी पेटीलाही द्यावे. आणि जो वाटाड्या घेईल त्याने त्याच्या डोक्याला हेल्मेट घालूनच पहिले पाऊल टाकावे. नसेल तर परत फिरावे. गावच्या लोकांना यात दान नको आहे. जे काम ते आज उघड्या डोक्याने आणि चादरीच्या झोळीने करतात, त्या कामाची हत्यारे त्यांना हवीत. शेतकऱ्याला नांगर देणे याला कोणी भीक म्हणत नाही.

सिंहगडाच्या गोष्टीत आणखी एक दोर आहे, तो आपण विसरतो. तानाजी पडल्यावर पळू पाहणाऱ्या मावळ्यांना सूर्याजीने सांगितले, की परतीचे दोर कापून टाकले आहेत. लढाईत ते शोभले. आज मात्र रविवारच्या हौसेसाठी आपण दर आठवड्याला दोर कापूनच डोंगरावर जातो, आणि परतीचा दोर म्हणून पायथ्याच्या माणसाचा खांदा गृहीत धरतो. तो खांदा पुढे येईलही, आजवर आला आहे. न बोलावता, न मोजता आला आहे. पण कोणाचा चांगुलपणा हे आपले सामान नव्हे. येत्या मोसमात सॅक बांधताना एवढे ध्यानात ठेवले, तर डोंगरावर नेण्याचे ओझे वाढेल थोडे. पण ते ज्याच्या खांद्यावर असायला हवे त्याच्याच खांद्यावर असेल.